डिव्होल्यूशनने स्कॉटिश राष्ट्रवाद शमवला की पोसला?

मुळामुठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. डिव्होल्यूशन म्हणजे लंडनच्या मध्यवर्ती संसदेने, म्हणजे वेस्टमिन्स्टरने, आपले काही अधिकार स्कॉटलंड, वेल्स यांसारख्या घटकांच्या निर्वाचित सभांकडे सोपवणे. १९९५ साली, मजूर पक्ष विरोधी बाकांवर असताना, त्या पक्षाचे स्कॉटलंडविषयक प्रवक्ते जॉर्ज रॉबर्टसन यांनी एक भाकीत केले होते. स्कॉटलंडला स्वतःची संसद दिली की तिथला राष्ट्रवाद कायमचा निकालात निघेल, असे त्यांचे म्हणणे होते. दोन वर्षांनी टोनी ब्लेअर यांचे सरकार आले. ११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी संसदेच्या बाजूने कौल दिला आणि १९९९ मध्ये एडिंबरामध्ये १२९ सदस्यांची संसद सुरू झाली. पुढे २००७ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजे एसएनपी, त्याच संसदेत मजूर पक्षापेक्षा एक जागा अधिक मिळवून सत्तेवर आली. २०११ मध्ये तिला स्पष्ट बहुमत मिळाले आणि २०१४ मध्ये थेट स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत घ्यावे लागले.

माझे मत असे की हे भाकीत फसणारच होते. एखाद्या समाजाला संसद, मंत्रिमंडळ आणि प्रमुख मंत्री दिल्यानंतर ‘उरलेले अधिकार आमच्याकडे का नाहीत?’ हा प्रश्न तो समाज विचारणारच. जाणकारांनी, विशेषतः तिकडे राहणाऱ्या सदस्यांनी, आपली मते मांडावीत.

अर्धविराम

भाकीत फसले हे कशावरून? १८ सप्टेंबर २०१४ रोजी ८४.६ टक्के मतदान झाले आणि ५५.३ टक्के लोकांनी स्वातंत्र्य नाकारले. ज्यांना स्वातंत्र्य नको पण लंडनचे सरसकट राज्यही नको, अशा मोठ्या वर्गाला डिव्होल्यूशनने मधला मार्ग दिला. तो मार्ग नसता आणि १९९७ नंतरही सगळे काही वेस्टमिन्स्टरमधूनच चालले असते, तर २०१४ चा निकाल काय लागला असता, याचा विचार करून पाहावा. राष्ट्रवाद मेला नाही हे खरे, पण तो जिंकलाही नाही.

कायदेकानू

दोघांच्याही मांडणीत १९९९ हा आरंभबिंदू धरला आहे, तो मला पटत नाही. १७०७ च्या इंग्लंडशी झालेल्या विलीनीकरणात स्कॉटलंडची संसद गेली, पण त्याचे न्यायालय, कायदेपद्धती, चर्च आणि शिक्षणव्यवस्था वेगळीच राहिली. १८८५ मध्ये स्कॉटलंडसाठी वेगळे खाते आणि वेगळा मंत्री निर्माण झाला. म्हणजे स्वतंत्र प्रशासन शंभराहून अधिक वर्षे अस्तित्वात होते. नव्हती ती त्या प्रशासनाला जाब विचारणारी निवडून आलेली सभा. वेल्सचे तसे नव्हते. सोळाव्या शतकातच, आठव्या हेन्रीच्या काळात, वेल्स इंग्लंडच्या कायद्यात पूर्णपणे विरघळवला गेला आणि त्याचे वेगळे खाते थेट १९६०च्या दशकात आले. दोन्ही ठिकाणचे राष्ट्रवाद वेगळ्या वळणाचे का आहेत, याचे बरेचसे उत्तर या फरकात आहे. स्कॉटलंडचा राष्ट्रवाद संस्थांभोवती उभा राहिला, तर वेल्सचा भाषेभोवती.

दुसरा मुद्दा हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचा. १९५५ मध्ये या पक्षाला आणि त्याच्या मित्रांना स्कॉटलंडमध्ये निम्म्याहून किंचित अधिक मते मिळाली होती. १९९७ मध्ये तिथे त्यांचा एकही खासदार निवडून आला नाही. साम्राज्य, जहाजबांधणी, प्रोटेस्टंट चर्च, दोन महायुद्धांच्या सामायिक आठवणी, ज्या ज्या गोष्टींमुळे ग्लासगोच्या माणसाला आपण ब्रिटिश आहोत असे वाटत होते, त्या सगळ्या या चाळीस वर्षांत एकामागून एक क्षीण झाल्या. डिव्होल्यूशन हा त्या प्रक्रियेचा परिणाम आहे, कारण नव्हे. त्यामुळे धाग्याचा प्रश्नच थोडा उलटा विचारला गेला आहे, असे माझे नम्र मत आहे.

मुळामुठा

प्रश्न उलटा असेल तर तो सुलट करून देण्याची जबाबदारीही आपलीच. परंतु हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थॅचरबाईंचा उल्लेख टाळून हा विषय पुरा होईल का?

कायदेकानू

टाळलेला नाही, त्याकडेच येत होतो. १९७९ पासून १९९७ पर्यंत स्कॉटलंडने बहुमताने मजूर पक्षाचे खासदार पाठवले आणि प्रत्येक वेळी राज्य मात्र हुजूर पक्षाचे आले. १९८७ मध्ये तिथल्या ७२ जागांपैकी हुजूर पक्षाकडे फक्त १० होत्या. अशा स्थितीत घराच्या किमतीऐवजी माणशी आकारला जाणारा कर, ज्याला सगळे पोल टॅक्स म्हणतात, तो इंग्लंडच्या एक वर्ष आधी, एप्रिल १९८९ मध्ये, स्कॉटलंडमध्ये लागू झाला. आपल्यावर प्रयोग केला जात आहे ही भावना तिथे घट्ट बसली. याच काळात चर्च, कामगार संघटना, स्थानिक परिषदा आणि दोन प्रमुख पक्ष यांनी एकत्र येऊन घटनात्मक परिषद भरवली, आणि स्कॉटलंडची संसद स्थापन करणाऱ्या १९९८ च्या कायद्याचा आराखडा बराचसा तिथे तयार झाला. ब्लेअर यांनी आयता वारसा पूर्ण केला, आणि तोही फारशा उत्साहाने नव्हे.

खडूस आजोबा

संसदेच्या इमारतीचा सुरुवातीचा अंदाज जास्तीत जास्त ४ कोटी पौंडांचा होता आणि ती पूर्ण होईपर्यंत खर्च ४१ कोटींच्या पुढे गेला, तोही तीन वर्षे उशिराने. एवढ्या एका बाबतीत तरी स्कॉटलंडने संपूर्ण सार्वभौमत्व पहिल्या दिवसापासून गाजवले, असे म्हणावे लागेल.

उत्तरवारा

आजोबा, एडिंबरामध्ये अजूनही हा विषय काढला की टॅक्सीचालक गाडीचा वेग कमी करून बोलू लागतात.

मी नोकरीनिमित्त इथे राहते आणि २०१४ मध्ये माझ्याकडे भारतीय पारपत्रच होते. तरीही मी त्या सार्वमतात मतदान केले. मतदारयादी जन्मावर किंवा वंशावर नव्हे, तर वास्तव्यावर आधारलेली होती; त्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना मत होते, आणि लंडनमध्ये राहणाऱ्या, जन्माने अस्सल स्कॉटिश असणाऱ्या माणसाला नव्हते. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाही मत होते. माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याची सख्खी बहीण लंडनला होती आणि तिला याचा भयंकर राग आला होता. तिच्या रागात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही, परंतु स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या सरकारने जाणूनबुजून अशी व्याख्या स्वीकारली, ही गोष्ट युरोपातील इतर राष्ट्रवादांशी तुलना करताना लक्षात ठेवावी लागते.

माझे मत मी नकाराच्या बाजूने टाकले, कारण चलनाच्या प्रश्नावर कोणाकडेच समाधानकारक उत्तर नव्हते. पौंड चालू ठेवू, असे एसएनपी म्हणत होती. तुम्हाला पौंडात भागीदारी देणार नाही, असे लंडनमधील तिन्ही पक्ष म्हणत होते. दोन वर्षांनी ब्रेक्झिटचे सार्वमत झाले. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मते युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने पडली आणि तरीही बाहेर पडावे लागले. युरोपातील स्थान टिकवायचे असेल तर ब्रिटनमध्ये राहा, असे आम्हाला २०१४ मध्ये सांगितले गेले होते. आज पुन्हा मत द्यायचे झाले तर मी काय करेन, ते इथे जाहीर लिहिणार नाही.

गोदाकाठ

वेल्सबद्दल कोणी सविस्तर लिहील का? प्रत्येक चर्चेत वेल्सला तळटीपेत जागा मिळते.

सह्यकडा

मी बरीच वर्षे कार्डिफमध्ये आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

कायदेकानू यांनी भाषेचा मुद्दा बरोबर मांडला आहे, पण त्याला पाण्याची जोड द्यावी लागेल. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते म्हणून उत्तर वेल्समधील ट्रवेरिन नदीचे खोरे बुडवण्याचा कायदा १९५७ मध्ये वेस्टमिन्स्टरने मंजूर केला. वेल्सच्या जवळजवळ सर्व खासदारांचा त्याला विरोध होता, आणि त्याचा काडीइतकाही उपयोग झाला नाही. १९६५ मध्ये कॅपल केलिन हे गाव शाळा, टपाल कचेरी, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमीसकट पाण्याखाली गेले. तिथे केवळ वेल्श बोलणाऱ्यांची वस्ती होती. पुढच्याच वर्षी प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे ग्विनफर एव्हान्स कारमार्दनची पोटनिवडणूक जिंकून त्या पक्षाचे पहिले खासदार झाले, आणि १९६७ मध्ये स्कॉटलंडच्या हॅमिल्टनमध्ये एसएनपीच्या विनी युइंग जिंकल्या. लंडनने या प्रश्नासाठी शाही आयोग नेमला तो या दोन पोटनिवडणुकांनंतर. लिव्हरपूलच्या परिषदेने २००५ मध्ये जाहीर माफी मागितली, पण तोवर चाळीस वर्षे उलटून गेली होती.

असे असूनही १ मार्च १९७९ च्या सार्वमतात वेल्सने स्वतःची विधानसभा जवळजवळ ८० टक्के मतांनी नाकारली. कारण भाषाच! दक्षिणेकडील खाणपट्ट्यातील इंग्रजी बोलणाऱ्या मजुरांना भीती वाटली की कार्डिफमध्ये वेल्श बोलणाऱ्या शिक्षक-पाद्र्यांचे राज्य येईल, आणि उत्तरेकडील वेल्श भाषकांना भीती वाटली की कार्डिफचे मजूर पुढारी आपल्यावर वरवंटा फिरवतील. दोघांनी मिळून प्रस्ताव पाडला. १९९७ मध्ये तोच प्रस्ताव ५०.३ टक्क्यांनी, म्हणजे केवळ ६,७२१ मतांनी, पार झाला. रात्रभर ‘नाही’चे पारडे जड होते आणि सर्वांत शेवटी कारमार्दनशायरचा निकाल आल्यावर चित्र पालटले. २०११ मध्ये कायदे करण्याच्या पूर्ण अधिकारासाठी पुन्हा विचारले तेव्हा ६३.५ टक्के लोक ‘होय’ म्हणाले. म्हणजे इथे संस्था आधी आली आणि तिच्यावरची निष्ठा नंतर रुजली. स्कॉटलंडचा क्रम याच्या नेमका उलट आहे.

अर्धविराम

सह्यकडा यांचा प्रतिसाद उत्तम आहे. १९७९ चा विषय निघालाच आहे, तर स्कॉटलंडचा निकालही सांगायला हवा. तिथे त्याच दिवशी ५१.६ टक्के मते संसदेच्या बाजूने पडली, तरीही संसद मिळाली नाही. एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी किमान ४० टक्क्यांनी ‘होय’ म्हटले पाहिजे, अशी अट मजूर पक्षाच्याच एका खासदाराने, जॉर्ज कनिंगहॅम यांनी, कायद्यात घालून घेतली होती. प्रत्यक्षात ३२.९ टक्के भरले. म्हणजे जे घरी बसले ते विरोधकांत मोजल्यासारखे झाले. चिडलेल्या एसएनपीने मजूर पक्षाच्या कॅलाहन सरकारविरुद्ध मत दिले, २८ मार्चला सरकार ३११ विरुद्ध ३१० असे एका मताने पडले, आणि थॅचरबाईंचा मार्ग मोकळा झाला. त्या निवडणुकीत एसएनपीचे ११ खासदार होते ते २ झाले, हा भाग मात्र एसएनपीचे समर्थक सांगताना विसरतात.

चौकटराजा

इतके प्रतिसाद झाले आणि इंग्लंडचे नाव कोणी काढले नाही. ब्रिटनच्या लोकसंख्येत दर सहा माणसांमागे पाच माणसे इंग्लंडची आहेत आणि डिव्होल्यूशनमध्ये नेमके त्यांनाच काही मिळालेले नाही.

१९७७ मध्ये स्कॉटलंडमधील वेस्ट लोदियनचे खासदार टॅम डॅलिएल यांनी विचारले होते की लँकेशायरमधील ब्लॅकबर्न गावाच्या शाळांबद्दल मी मतदान करू शकेन, पण माझ्याच मतदारसंघातील ब्लॅकबर्न गावाच्या शाळांबद्दल करू शकणार नाही, हे कसे चालेल? त्या वेळी लोकांनी ते चमत्कारिक कोडे म्हणून सोडून दिले. पुढे जानेवारी २००४ मध्ये इंग्लंडमधील विद्यार्थ्यांचे विद्यापीठ शुल्क वाढवणारे विधेयक केवळ पाच मतांनी पुढे सरकले, आणि त्याला तारणाऱ्यांत स्कॉटलंडचे मजूर खासदार होते, ज्यांच्या मतदारांच्या मुलांना ते शुल्क लागू होणारच नव्हते. त्याहून मौज म्हणजे युरोपीय संघाच्या नियमांमुळे लिथुआनियाचा विद्यार्थी एडिंबरामध्ये विनाशुल्क शिकत होता आणि न्यूकॅसलचा विद्यार्थी पूर्ण शुल्क भरत होता.

इंग्लंडसाठी काढलेली उत्तरे तात्पुरती ठरली. २००४ मध्ये ईशान्य इंग्लंडला प्रादेशिक सभा देऊ केली, ती जवळजवळ ७८ टक्के लोकांनी नाकारली; विरोधकांनी प्रचारात हवा भरलेला पांढरा हत्ती गावोगाव फिरवला होता. १९ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी, स्वातंत्र्याचा प्रस्ताव पडल्यावर काही तासांतच, डेव्हिड कॅमेरॉन यांनी ‘इंग्लंडच्या कायद्यांवर इंग्लंडच्या खासदारांची मते’ अशी घोषणा केली. ती तरतूद २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये गाजावाजा न होता रद्द झाली. आता मँचेस्टरसारख्या नगरसमूहांना निवडून आलेले महापौर मिळाले आहेत, पण त्यांना कायदे करता येत नाहीत.

इंग्लिश अस्मितेला व्यासपीठ मिळाले ते फुटबॉलच्या मैदानावर. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची छायाचित्रे पाहिलीत तर प्रेक्षकांच्या हाती युनियन जॅक दिसतो. १९९६ च्या युरो स्पर्धेत त्याची जागा इंग्लंडच्या ध्वजावरील सेंट जॉर्जच्या लाल क्रूसाने घेतली होती. राजकीय पक्षांनी या बदलाची दखल घेईपर्यंत ब्रेक्झिट येऊन ठेपले.

उत्तरवारा

चौकटराजा, करोनाच्या काळात हे फार स्पष्ट दिसले. निकोला स्टर्जन रोज दूरचित्रवाणीवर येऊन स्कॉटलंडचे नियम सांगत होत्या, वेल्सचे नियम मार्क ड्रेकफर्ड सांगत होते, आणि पंतप्रधान जॉन्सन संपूर्ण देशाला उद्देशून बोलत असले तरी त्यांचे बहुतेक नियम फक्त इंग्लंडला लागू होते. आरोग्य हा विषय वीस वर्षांपूर्वीच इकडे आला होता, पण कित्येकांना ते त्या वसंतात प्रथम कळले.

खडूस आजोबा

पैशाचे बोला. स्कॉटलंडमध्ये औषधे मोफत, विद्यापीठ मोफत, वृद्धांची शुश्रूषा मोफत. ही खैरात कोणाच्या खिशातून?

सह्यकडा

औषधे वेल्समध्ये २००७ पासूनच मोफत आहेत, स्कॉटलंडच्याही आधीपासून, आणि आम्ही काही श्रीमंत नाही.

आजोबा ज्याकडे बोट दाखवत आहेत तो बार्नेट सूत्राचा विषय आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जोएल बार्नेट या कोषागारातील मंत्र्यांनी तात्पुरती सोय म्हणून हे सूत्र आणले. इंग्लंडमध्ये एखाद्या खात्याचा खर्च वाढला की लोकसंख्येच्या प्रमाणात तेवढी वाढ इतर तिघांना मिळते. गरज किती, हे मूळ सूत्रात कुठेच मोजले जात नव्हते. स्कॉटलंडचा दरडोई सरकारी खर्च मुळातच अधिक होता, तो तसाच पुढे चालत राहिला, आणि गरीब वेल्स गरजेच्या मानाने मागे पडला. स्वतः बार्नेट यांनीच उतारवयात हे सूत्र मोडीत काढण्याची मागणी केली होती. मात्र एकत्रित निधी मिळाल्यावर तो विद्यापीठांवर खर्च करावा की रुग्णालयांवर, हे तिथले सरकार ठरवते, आणि मोफत शिक्षणासाठी स्कॉटलंडला दुसरीकडे हात आखडावा लागतो. त्याला खैरात म्हणणे योग्य होणार नाही. २०१६ च्या कायद्यानंतर तिथे प्राप्तिकराचे दर आणि टप्पेही वेगळे आहेत. चांगला पगार असलेला माणूस एडिंबरामध्ये लंडनपेक्षा अधिक कर भरतो.

उत्तरवारा

भरते. दरमहा भरते.

गोदाकाठ

उत्तर आयर्लंडबद्दल एक विसंगती नोंदवतो. ग्लॅडस्टन यांनी १८८६ मध्ये आयर्लंडसाठी पहिले होमरूल विधेयक आणले तेव्हा त्याला प्राणपणाने विरोध केला तो उत्तरेकडील अल्स्टर प्रांताच्या प्रोटेस्टंटांनी. शेवटी १९२१ मध्ये ब्रिटनच्या चौकटीत स्वतंत्र संसद पदरात पडली ती याच अल्स्टरवाल्यांच्या! म्हणजे आधुनिक ब्रिटनमधले पहिले डिव्होल्यूशन, ज्यांना ते नको होते, त्यांना मिळाले. आणि त्यांनी ते पन्नास वर्षे कसे वापरले, तर कॅथलिक अल्पसंख्याकांना सत्तेपासून कायम दूर ठेवण्यासाठी. १९७२ मध्ये लंडनला ती संसद स्थगित करावी लागली. म्हणूनच १९९८ च्या शांतता करारात बहुमताचे राज्य न ठेवता दोन्ही समाजांना सत्तेत बसणे बंधनकारक केले आहे, आणि तिथल्या माणसाने स्वतःला ब्रिटिश म्हणावे, आयरिश म्हणावे की दोन्ही, हा त्याचा जन्मसिद्ध हक्क असल्याचे लिहून ठेवले आहे.

टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा डोळ्यांसमोर आयर्लंडचेच उदाहरण होते. साम्राज्यात राहून स्वराज्य, ही ती मागणी. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा सशस्त्र उठाव झाला, आणि आयर्लंडपुरता तरी मधला मार्ग संपला.

मुळामुठा

गोदाकाठ यांच्या शेवटच्या वाक्यामुळे मूळ प्रश्नाकडे पुन्हा येतो. आयर्लंडला होमरूल वेळेत न दिल्यामुळे बहुतांश आयर्लंड गेले, असे अर्धविराम म्हणतील. आणि स्कॉटलंडला वेळेत दिल्यामुळे ते राहिले. हा युक्तिवाद मला आता पूर्वीपेक्षा वजनदार वाटतो, परंतु पूर्ण पटत नाही. २०२४ च्या निवडणुकीत एसएनपीचे वेस्टमिन्स्टरमधील खासदार ४८ वरून ९ वर आले, तरी मतचाचण्यांत स्वातंत्र्याला निम्म्याच्या आसपास पाठिंबा कायम आहे. पक्ष घसरला आणि मागणी घसरली नाही, याचा अर्थ ती मागणी एका पक्षाच्या पलीकडे गेली आहे. संसद नसती तर हे झाले असते का?

अर्धविराम

झाले असते, आणि अधिक कडवटपणे झाले असते. स्पेनमधील कॅटालोनियामध्ये २०१७ साली स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या वेळी मतदान केंद्रांवर पोलीस घुसले. स्कॉटलंडमध्ये दोन सरकारांनी एका मेजावर बसून सार्वमताच्या अटींवर सह्या केल्या. समोर तोलामोलाचे निर्वाचित सरकार नसते तर त्या सह्या कोणी केल्या असत्या?

कायदेकानू

अर्धविराम, २०१२ च्या त्या सह्यांवर फार भार टाकू नका, कारण तो रस्ता आता बंद आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की वेस्टमिन्स्टरच्या संमतीशिवाय स्कॉटलंडच्या संसदेला सार्वमताचा कायदा करता येणार नाही. तिने मंजूर केलेले लिंगनोंदणीविषयक विधेयक जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या मंत्र्यांनी १९९८ च्या कायद्यातील पस्तिसावे कलम प्रथमच वापरून रोखले. त्या विधेयकाबद्दल कोणाचे मत काहीही असो, अखेरचा शब्द कोणाचा हे त्यातून दिसले.

मुळामुठा यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की राष्ट्रवाद पोसला गेला तो संसदेमुळे नव्हे, तर तिच्या अपुऱ्या संरक्षणामुळे. उत्तर आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक आयर्लंडशी एकीकरणाच्या बाजूने मत देण्याची शक्यता दिसली, तर मंत्र्यांनी सार्वमत घेतलेच पाहिजे, असे कायद्यात लिहिले आहे, आणि दोन सार्वमतांमध्ये किमान सात वर्षांचे अंतर हवे, हेही लिहिले आहे. शक्यता आहे की नाही हे मंत्रीच ठरवणार, ही त्यातली उणीव. पण निदान मार्ग लिहिलेला आहे. स्कॉटलंडसाठी अशी एकही ओळ कोणत्याच कायद्यात नाही.

खडूस आजोबा

तशी ओळ लिहायला लंडनमध्ये कोणी तयार होईल असे वाटते का तुम्हाला?

कायदेकानू

हुजूर पक्षाने नकार दिला आहे, मजूर पक्षानेही दिला आहे. सध्या तरी वाटत नाही.